बुश गेला होता

आमच्या मार्शलचे पुढचे दोन्ही टायर चार महिन्यांत संपले. साधे संपले नाहीत, करवतीला दाते असावेत तसे एका बाजूने घासले गेले. हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत लागायचं आणि उलट दिशेने टोचायचं. टायर नवे होते, पैसे माझ्या पगारातले होते आणि गाडी धाकटा भाऊ चालवत होता. मी मास्तर माणूस. वहीत चूक दिसली की लाल पेन आपोआप हातात येतो.

ही गाडी अब्बांची. येवला ते अंदरसूल, नगरसूल अशा फेऱ्या त्यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं केल्या. पुढे बसलेल्या पॅसेंजरला ते एक गोष्ट हमखास सांगत. १९४५ मध्ये ही कंपनी सुरू झाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं, पण ‘एम अँड एम’ ही अक्षरं तीच राहिली. “एक एम गेला, दुसरा आला, जीप चालत राहिली,” असं म्हणून अब्बा हसत. पॅसेंजर कोणीही असो, तोही हसायचा.

अब्बांनंतर गाडी भावाकडे आली. कांद्याच्या हंगामात तो मजुरांना घेऊन राजापूर, ममदापूरकडच्या वस्त्यांवर जायचा. तिकडे शेवटचे दोन-तीन किलोमीटर रस्ता म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि मधला ओढा. जड गाडी, आत दहा-बारा माणसं, वर टपावर डबे आणि पोती.

टायर पाहून मी त्याला अम्मीसमोर झाडलं. गाडी आपटतोस, खड्डा बघत नाहीस, ब्रेक उशिरा मारतोस. तो एवढंच म्हणाला, “भाईजान, मैं नहीं ले जाता. ब्रेक मारो तो गाडी खुद लेफ्ट में जाती.” मी म्हणालो, गाडीला अक्कल नसते, चालवणाऱ्याला असावी लागते. त्याने किल्ली फ्रिजवर ठेवली. आठवड्याभरात तो मालेगावला मामांच्या ओळखीने टेम्पोवर लागला. अम्मी मला काही बोलली नाही. पण जेवताना समोर बसायची ती दुसरीकडे बसू लागली.

त्यानंतर मी गाडी ‘नीट’ करायला घेतली. एका ठिकाणी अलाइनमेंट करून घेतलं. दुसऱ्या ठिकाणी शॉकअप बदलले. तिसऱ्याने चाकाचं बेअरिंग बदललं आणि ‘आता लोण्यासारखी चालेल’ असं सांगितलं. खड्ड्यात पुढून ठक्क असा आवाज यायचा, तो येतच राहिला. नऊ हजार रुपये गेले.

मग एका रविवारी अम्मीला घेऊन मी स्वतः सावरगावकडे निघालो. समोर एक ट्रॅक्टर अचानक थांबला. मी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग सरळ धरलेलं असताना गाडी डावीकडे, साइडपट्टीच्या खाली उतरली. कोणी ओढून न्यावी तशी. चारीच्या एक हात अलीकडे थांबलो. अम्मीने कलमा पुटपुटला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “वो यही बोल रहा था ना?”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. विंचूर चौफुलीपासून जरा आत त्यांचं छोटं शेड आहे. त्यांनी इंजिन, चाक, काहीच बघितलं नाही. आवाज विचारला, ब्रेकचं विचारलं, टायरवरून तळवा फिरवला आणि लांब टॉमी घेऊन गाडीखाली सरकले. मग खालूनच हाक आली, “सर, कपडे खराब होऊ द्या, खाली या.”

मी गोणपाटावर आडवा झालो. मार्शलला पुढेही पाटेच असतात. त्यांनी डाव्या पाट्याच्या टोकात टॉमी अडकवून दाबली, तर पाट्याचा डोळा चांगला बोटभर मागे सरकला. सोडल्यावर ठक्क करून परत. हाच तो आवाज.

पाट्याचं एक टोक चेसिसला पक्कं असतं, दुसरं सॅकलला लटकलेलं. वजन आलं की कमान सपाट होते, म्हणजे पाटा लांब होतो, आणि सॅकल झुलून ती लांबी सामावून घेतो. दोन्ही टोकांच्या डोळ्यांत बुश असतो: आत एक लोखंडी नळी, बाहेर एक नळी आणि दोघींच्या मध्ये चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर घट्ट बसते, ती फिरत नाही. पाटा हलतो तेव्हा फक्त रबर पिळलं जातं आणि परत येतं. टनाच्या वर वजनाच्या गाडीचे धक्के हे बोटभर रबर सोसतं. मोटारीत एक्सल जागेवर धरायला वेगळ्या दांड्या असतात. इथे ते काम पाट्यांचंच आहे. पक्क्या टोकाचं रबर गेलं की एक्सल मोकळा होतो. ब्रेक लागला की डावं चाक मागे सरकतं, एक्सल तिरका होतो आणि गाडी डावीकडे वळते. चालवणाऱ्याने काहीही करो.

आमच्या बुशमधलं रबर राहिलंच नव्हतं. काळा, चिकट चिखल होता, आणि त्यात लोखंडावर लोखंड घासून डोळ्याचं भोक लांबट व्हायला लागलं होतं. मिस्त्रींनी तो चिखल बोटांत चोळून हुंगला. “वॉशिंगला खालून ऑइल मारता का?”

मारत होतो. दर महिन्याला. गाडी धुतली की पाट्यांवर जुनं ऑइल आणि डिझेलचा फवारा, करकर होत नाही, गंज लागत नाही. भाऊ नको म्हणायचा, अंगावर ठिबकतं म्हणायचा. मीच वीस रुपये जास्त देऊन मारून घ्यायचो. रबराला ऑइल आणि डिझेल म्हणजे विष. ते फुगतं, मऊ पडतं आणि तुटून जातं. शहाणपण माझं होतं आणि बोलणी त्याने खाल्ली होती.

पाटे उतरवले. शेडमधल्या पोऱ्याने गॅस पेटवून जुने बुश जाळून काढू का असं विचारलं. मिस्त्री त्याच्यावर ओरडले. पाट्याच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं. डोळा लाल केला की ते उतरतं आणि एक दिवस रस्त्यातच पाटा तुटतो. त्यांनी करवतीच्या पात्याने बाहेरच्या नळीला आतून चीर दिली आणि प्रेसवर बुश दाबून काढला. नवा बसवताना ग्रीस नाही, साबणाचं पाणी. मी युरेथेनच्या बुशचं ऐकलं होतं, ते विचारलं. ते म्हणाले, ऑइलला दाद देत नाही आणि टिकतोही जास्त, पण कडक असतो, धक्का सगळा चेसिसला देतो. “तुमच्या आईला बसवायचंय ना गाडीत? रबरच टाका.”

सगळं बसलं तरी बोल्ट ढिलेच होते. मी विचारलं, आवळायचे राहिले? त्यांनी घोड्या काढल्या, गाडी चाकांवर उतरवली, मला आणि पोऱ्याला बंपरवर उड्या मारायला लावल्या आणि मग खाली झोपून पाना लावला. पाटा लोंबकळत असताना आवळलं तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते उभ्या उभ्याच पिळलेलं राहतं, मग सहा महिन्यांत फाटतं. पुष्कळ ठिकाणी घाईत असंच करतात, आणि दोष येतो पार्टला.

परत येताना कोपरगाव रोडवर मोकळी जागा बघून मी मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. स्टिअरिंगवरचा हात सैल सोडून. गाडी सरळ थांबली.

त्या रात्री इशाच्या नमाजनंतर भावाला फोन लावला. सलाम झाला, तब्येत झाली. मग मी सगळं सांगितलं, ऑइलच्या फवाऱ्यासकट. माझी चूक झाली, हेही म्हणालो. उर्दूत म्हणालो, मग मराठीतही म्हणालो, कारण पलीकडून काहीच येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “सॅकल के भी बदले?”

“हां, चारो.”

“और पीछे के?”

मागचे बदलले नव्हते. पैसे संपले होते.

“हात मत लगाओ,” तो म्हणाला. “मैं जुमे को आता.”