वरचे दीड लाख

गेल्या आठवड्यात शिरोली एमआयडीसीतला एक ओळखीचा पोरगा चहाच्या टपरीवर भेटला. नवी गाडी बुक केलीय त्यानं. म्हणाला, "दादा, लवकर पाहिजे असली तर वर पैसे मागालेत. देऊ काय?"

मी पटकन "देऊ नको" म्हणालो आणि मग दिवसभर ते उत्तर मलाच टोचत राहिलं. कारण 2022 साली मी त्याच जागी उभा होतो. तेव्हा मी काय केलं हे ऐकायला सरळ वाटतं, पण तितकं सरळ ते नव्हतं. पोस्ट मोठी झालीय, सवडीनं वाचा.

ऑक्टोबर 2021 मध्ये एक्सयूव्ही 700 चं बुकिंग उघडलं आणि पहिल्या 25,000 गाड्या 57 मिनिटांत संपल्या. त्या 57 मिनिटांत मी नव्हतो, मशीनवर सेटिंग चालू होतं. महिनाअखेरीला शोरूमला जाऊन 21,000 भरले. मला पेट्रोल मॅन्युअल पाहिजे होती. दोन लिटर टर्बो, 200 हॉर्सपॉवर. त्या पैशात एवढी ताकद दुसरं कुणी देत नव्हतं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे पार्ट मशीनिंग करतोय, एकदा आपल्या पायाखाली 200 घोडे असावेत एवढीच हौस. शोरूममधला पोरगा म्हणाला, "सर, वर्षाच्या वर लागेल."

का लागणार ते मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. चिपा नव्हत्या. कोविडात गाड्यांचे कारखाने बंद पडले, त्यांनी चिपांच्या ऑर्डरी कापल्या. तेवढ्यात सगळं जग घरात बसून लॅपटॉप, मोबाईल घ्यायला लागलं आणि चिपा तिकडं गेल्या. गाड्यांची मागणी परत आली तेव्हा चिपवाले म्हणाले, रांगेत या. इकडं आमची शेड्यूलं कापली गेली. कास्टिंग तयार, मशीनिंग झालेलं, माल रॅकवर पडून; कारण पुढं कुठंतरी नखाएवढ्या तुकड्याविना गाडी अडली होती. म्हणजे ज्या टंचाईनं माझा धंदा बसवला, त्याच टंचाईमुळं माझी गाडीही अडकली होती.

मार्च 2022 मध्ये, पाडव्याच्या दहा-बारा दिवस आधी, फोन आला. "सर, एक कॅन्सलेशन आहे. तुमचंच व्हेरियंट, तुमचाच कलर. पाडव्याला गाडी दारात."

गेलो. कोटेशन समोर आलं. एक्स-शोरूम किंमत, तिच्यावर 12 टक्के रोड टॅक्स, दहा लाखांच्या वरच्या गाडीला असतो तो एक टक्का टीसीएस, फास्टॅग. इथवर ठीक. मग ॲक्सेसरी पॅकेज: मॅट, सीट कव्हर, कसलं तरी कोटिंग. नको म्हटलं तर कॅन्सलेशनची गाडी मिळत नाही. इन्शुरन्स त्यांच्याकडूनच. बाहेरून काढला तर बराच स्वस्त पडतो, आणि इन्शुरन्स कुठून घ्यायचा हे गिऱ्हाईक ठरवतं, शोरूमला सक्ती करता येत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो हसला. मग त्यानं पेन उचललं, कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूला दीड लाख लिहिलं आणि त्याला गोल केला. बोलला काहीच नाही. रोख, पावती नाही. दोन लाख आणि त्याच्या वर रोख घ्यायला 2017 पासून बंदी आहे, म्हणून आकडा दोन लाखांच्या आतला. हिशोबी माणसं.

त्या पोराचा मला राग आला नाही. त्याचा पगार किती असेल याचा अंदाज आपल्याला आहे. "सर, वरून सांगितलंय, माझ्या हातात काही नाही," हे तो खरंच बोलत असणार. डीलरचंही ऐकून घेऊ. नव्या गाडीवर त्याला मोजकी टक्केवारी सुटते. खरी कमाई इन्शुरन्स, ॲक्सेसरी, फायनान्स आणि सर्व्हिसमध्ये. गाड्याच येत नव्हत्या, शोरूमचं भाडं आणि लाईट बिल मात्र येत होतं.

तरी डोक्यात गेलं ते वेगळंच. आमच्या धंद्यात दरवर्षी मोठ्या गिऱ्हाईकाचं पत्र येतं: यंदा रेट दोन टक्के कमी करा. वीज वाढली, इन्सर्ट महागले, पोरांचे पगार वाढले, तरी कमी करा. पन्नास पैशांसाठी परचेसवाल्यापुढं दोन दोन तास बसलोय मी. तिकडं पार्टमागं पन्नास पैसे तोडायचे, आणि त्याच साखळीच्या या टोकाला एक माणूस पेनानं गोल काढून दीड लाख मागतोय. साखळी तीच, फक्त अडवायची जागा वेगळी.

घरी येऊन हे सगळं तावातावानं सांगितलं. आमच्या सौभाग्यवती भाकरी थापत ऐकत होत्या. म्हणाल्या, "अहो, फ्लॅटच्या वेळी कुठं गेला होता हा हरिश्चंद्र?"

बरोबर होतं. 2009 साली फ्लॅट घेताना पिशवीतून रोख नेऊन दिलेली. तेव्हा पावती मागायचं मनातसुद्धा आलं नव्हतं. ‘सगळेच देतात’ म्हणून दिली. मग गाडीच्या वेळीच एवढं का लागलं? बहुतेक घर गरजेचं असतं आणि हौसेला आपण जरा ताठ राहू शकतो, म्हणून. किंवा 2009 ला मी छत्तीसचा होतो आणि आता थकलोय, म्हणून. मला अजून नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. हो, गेलो. स्लिपवर दीड लाखाचा आकडाही लिहिला. रांगेत चार माणसं होती. तेवढ्यात शॉपमधून फोन आला, व्हीएमसीवर टूल तुटलंय. स्लिप खिशात घालून परत आलो. तत्त्वासाठी मी पैसे दिले नाहीत असं कुणी म्हणू नये म्हणून हे लिहितोय. त्या दिवशी टूल तुटलं नसतं तर पैसे गेले असते.

संध्याकाळी आबांशी बोललो. आबा तेव्हा 78 वर्षांचे. उद्यमनगरात ऑईल इंजिनच्या कारखान्यात टर्नर होते. गाडीची घाई मला होती, पण त्यामागं तेही होते. गुडघ्याचं ऑपरेशन पुढ्यात होतं, वर्षभर थांबायचं म्हणजे पुढचं कुणी सांगावं? पाडव्याला त्यांना पुढं बसवून जोतिबाला न्यायचं असं मनात होतं. मी म्हटलं, "आबा, दीड लाख वर मागतोय. ऑन."

आबा म्हणाले, "मग? आमच्या वेळी काय वेगळं होतं व्हय?"

चेतकचा काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्या आकुर्डीत स्कूटर बनत होती, पण किती बनवायच्या हे दिल्लीचं लायसन्स ठरवायचं. जास्त बनवली तर गुन्हा. त्यामुळं बुकिंग करून लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षं थांबायचे. लग्नात जावयाला स्कूटर म्हणजे नुसता नंबर लागल्याचा कागद दाखवायचे. नंबर लागला की त्या कागदालाच बाजारभाव यायचा. तेच ऑन. कंपनीला छापील किंमत, आणि ऑन कागदवाल्याला.

आबांनीही बुकिंग केलेलं, हे मला माहीत होतं. घरात चेतक कधी आली नाही, हेही माहीत होतं. मी समजत होतो, पैसे पुरले नसतील.

"नंबर लागलेला," आबा म्हणाले. "शाहूपुरीतला एक गूळवाला आला. पाच हजार वर दिले त्यानं. तिथंच कागद दिला."

"आणि पाच हजारांचं काय केलं?"

"लेथ घेतला की. जुना, बेल्टचा. शेडमधला."

तो लेथ माझ्या शॉपच्या कोपऱ्यात अजून आहे. चालत नाही, पण दसऱ्याला पहिला हार त्याला घालतो. येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगतो की आबांनी कष्टाच्या पैशातून पहिलं मशीन घेतलं, त्यावर हे सगळं उभं राहिलं. कष्ट खोटे नव्हते. पण मशीन ऑनच्या पैशातून आलं होतं. गूळवाल्यालाही तेव्हा असाच राग आला असेल, आणि आबांनीही त्याला हेच सांगितलं असेल की बाबा, माझ्या हातात काय आहे, बाजार असा आहे.

त्या रात्री झोप आली नाही. गूळवाल्याकडून घेतलेले पाच हजार चालतात, तर मी दिलेले दीड लाख का चालू नयेत? आबांनी सात वर्षं नोंदणीचे पैसे अडकवून रांग धरली होती. त्या कागदात त्यांचा वेळ होता, तो त्यांनी विकला. शोरूमनं कसली रांग धरली होती? रांगेत मी होतो, माझ्यापुढं आणखी शे-दोनशे लोक होते. कॅन्सल झालेली गाडी नियमानं रांगेतल्या पुढच्या माणसाची. म्हणजे शोरूम माझ्या पुढच्या माणसाचा नंबर मला विकत होतं. तो माणूस कोण हे मला माहीत नव्हतं, त्यालाही कधी कळणार नव्हतं. दीड लाखापेक्षा हे मला जास्त खुपलं.

जास्त पैसे घेणं हाच गुन्हा आहे असं मला वाटत नाही. अर्जंट काम आलं तर मीही दीडपट रेट लावतो, पण बिलात लावतो. सरकारसुद्धा लावतं. गाडीला 0001 नंबर पाहिजे असेल तर 2024 पासून महाराष्ट्रात चारचाकीला पाच लाख मोजायचे, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी सहा लाख. हौसेचं ऑनच की ते! पण रेट राजपत्रात छापलेला आहे, पावती मिळते, पैसे तिजोरीत जातात. माझा मावसभाऊ अमेरिकेत डेट्रॉईटकडं असतो. त्याच सुमारास तो होंडाची सिव्हिक टाईप आर बघत होता, 315 हॉर्सपॉवर, किंमत 44 हजार डॉलरच्या घरात. शोरूममध्ये काचेवर दोन कागद. एक कंपनीच्या किमतीचा, जो लावणं 1958 च्या कायद्यानं सक्तीचं आहे. शेजारी डीलरचा स्वतःचा कागद: ‘मार्केट ॲडजस्टमेंट’, अधिक दहा हजार डॉलर. तिथं कंपनीची किंमत म्हणजे नुसती सूचना असते, डीलर उघडपणे वर लावू शकतो. भाऊ शिव्या घालत परत आला. पण निदान आकडा काचेवर होता, कोटेशनच्या पाठीमागं नव्हता.

आपल्याकडं गंमत बघा. डीलरला जास्त डिस्काउंट देऊ देत नाही म्हणून स्पर्धा आयोगानं ऑगस्ट 2021 मध्ये मारुतीला 200 कोटींचा दंड केला. प्रकरण पुढं अपिलात गेलं, ते सोडा. किंमत खाली येऊ दिली नाही तर पकडणारं कुणीतरी आहे, कारण त्याचं कागदोपत्री धोरण असतं. पेनानं काढलेल्या गोलाचं धोरण कुठं सापडणार? तक्रार करायची तर पुरावा काय? मी तो कागद मागितला होता. त्यानं हसत हसत घडी घालून आपल्या खिशात ठेवला.

सकाळी फोन करून सांगितलं, ॲक्सेसरी घेतो, इन्शुरन्सही तुमचा घेतो, रोख देणार नाही. तो म्हणाला, "सर, मग पुढच्या पार्टीला सांगतो." संध्याकाळपर्यंत गाडी गेली.

पाडव्याला आबांना जुन्याच गाडीतून जोतिबाला नेलं. सौभाग्यवती वाटेत काही बोलल्या नाहीत, म्हणजे बरंच बोलल्या.

गाडी आली जानेवारी 2023 मध्ये, ऐन पौषात. आई म्हणाली, पौषात गाडी आणतात व्हय? आणली. दरम्यान कंपनीनं दोन-तीनदा किमती वाढवल्या होत्या, आणि किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागते. त्या फरकात वाचवलेल्या दीड लाखातला बराच भाग गेला. पावतीसकट गेला, जीएसटी आणि सेससकट गेला, पण गेलाच. "काय मिळवलंत?" असं घरात विचारलं गेलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आबांचं ऑपरेशन तोवर झालं होतं. त्यांना उचलूनच पुढं बसवावं लागलं. सीट उंच, गुडघा वाकत नव्हता. पन्हाळ्याच्या घाटात मी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दिला आणि गाडी जी उठली, ती उठली. आबांनी दाराची मूठ धरली आणि म्हणाले, "हळू. लेथ नव्हं ह्यो."

महिन्याभरानं एका एजंटाचा फोन आला. तुमचं व्हेरियंट अजून वेटिंगवर आहे, दोन हजार किलोमीटरच्या आतली असेल तर इनव्हॉइसच्या वर ऐंशी हजार देतो. मी स्पीकरवर होतो. आबा शेजारी पेपर वाचत होते.

पेपर खाली न घेता त्यांनी विचारलं, "रोख देतोय काय?"