कूलरचं पाणी

होळी झाली की आमच्या शेंदूरजनाघाटात खिडकीबाहेरच्या कूलरवरच्या ताडपत्र्या निघतात. आमचा कूलर जुना, लोखंडी पत्र्याचा. जाळ्या उघडल्या की गेल्या वर्षीचं गवत हाताला पापडासारखं लागतं आणि कडकन मोडतं. त्यावर पांढरा थर. तो धुळीचा नाही, पाण्यातल्या क्षारांचा. संत्र्यासाठी बोअरवर बोअर घेऊन वरुड तालुक्यातलं भूजल आम्ही इतकं उपसलं की तालुका अतिशोषितांत गेला. खोल बोअरचं जड पाणी कूलरमध्ये उडून जातं, क्षार मागे राहतात. रोज वरून नवीन पाणी ओतलं तरी टाकीतला खार वाढतच जातो. म्हणून आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करायची, हा घरातला नियम.

नियमावरून भांडणही ठरलेलं. उन्हाळ्यात एवढं पाणी फेकायचं म्हणजे आईच्या जिवावर येतं. "कलमाइले टाक ना ते," ती म्हणते. बाबा लगेच, "खारं पानी हाये, पानं जळतीन." बाबांचं बरोबर आहे. संत्र्याला खार सोसत नाही, रोपवाटिकेतल्या कोवळ्या कलमांना तर मुळीच नाही. शेवटी ते पाणी अंगणात शिंपडलं जातं.

पंपाचं पाणी वरून गवतावर सोडणाऱ्या नळीची भोकं याच क्षारांनी बुजतात. मग गवताचा अर्धा भाग कोरडा राहतो आणि खोलीत गरम झोत येतो. लोक नवीन पंप आणतात. मी आधी सुई घेतो. भोकं मोकळी करायची, नळी लिंबूसताच्या पाण्यात भिजत ठेवायची. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

टाकी नुसती रिकामी करून मात्र भागत नाही. डेंग्यूचा एडिस डास पाण्याच्या कडेला, टाकीच्या भिंतीवर अंडी घालतो. ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. म्हणून पाण्याच्या रेघेवरून काथ्यानं खसाखसा घासायचं. माझ्या मते कूलरच्या साऱ्या देखभालीत हे काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं.

दुसरी भीती विजेची. लोखंडी कूलर, ओली जमीन, अनवाणी पाय. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. आमचा मेकॅनिक अर्थिंग तपासल्याशिवाय पान्याला हात लावत नाही. "भाऊ, पानी भराच्या अगुदर पिन काढजा. बटनाच्या भरवशावर राहू नोका," हे तो लहान पोरांनाही बजावतो.

पुण्याहून आलेला भाचा एसीच्या सवयीनं दारं-खिडक्या लावून घेतो आणि कूलर घाम काढतो म्हणून कुरकुरतो. समोरची खिडकी उघडी हवी, आत आलेल्या ओल्या हवेला वाट हवी, हे त्याला ऐन उन्हाळ्यातल्या नवतपाच्या दुपारी पटलं.

पाऊस लागला की हवाच ओली, कूलर निकामी. तेव्हा मी टाकी पुसून कोरडी करतो, पंप काढून ठेवतो. शेजारचे काका मात्र गणपतीपर्यंत नुसता पंखा चालवतात. टाकीत स्वच्छ पाणी तसंच. काही म्हटलं की हसतात, "मच्छर तं नालीतले हायेत, बाप्पा. कूलरमंदी कायले येतीन?"