थीटा हवेत, अल्फा भिंतीवर

इंजिनिअरिंगला आल्यावर पहिला दणका बसतो तो ड्रॉइंगचा. त्यातही 'लाइन्स'चं प्रकरण म्हणजे कहरच! एक साधी रेघ, एचपीलाही कललेली आणि व्हीपीलाही. पण तिचे कोन चार : थीटा, फाय, अल्फा, बीटा.

होस्टेलवरच्या एका ज्युनिअरला यातच केटी लागली होती. पुन्हा गेला असता तर वर्ष गेलं असतं. एका रात्री शीट घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, थीटा आणि अल्फा एकच ना? दोन्ही आडव्या रेघेपासूनच तर मोजतो!"

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. कागदावर आपण एचपी ९० अंशांत खाली वळवतो आणि सगळं एकाच पानावर येतं. मग कुठला कोन कुठला, हे कळणार कसं?

म्हणून असिम्प्टोट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याच्यासाठी मॉडेल करायला घेतलं. भिंत म्हणजे व्हीपी, जमीन म्हणजे एचपी, मध्ये रेघ एबी. ए टोक भिंतीच्या पायाशी, एक्सवायवर. बी तिथून ३ सेंमी उजवीकडे, ४ पुढे, ५ वर. रेघ पाच मिनिटांत झाली. वेळ खाल्ला तो नावांनी!

चिन्ह उमटवणं सोपं. लेटेकसारखं डॉलर, बॅकस्लॅश, थीटा, डॉलर लिहिलं की झालं. पण मॉडेल फिरवल्यावर अक्षराने कुठे बघायचं? एक सोय 'बिलबोर्ड' : मॉडेल कसंही फिरवा, अक्षराचं तोंड आपल्याकडेच. दुसरी 'एम्बेडेड' : अक्षर आपल्या पृष्ठभागाला चिकटलेलं. मागून पाहिलं तर दुकानाच्या काचेवरचं नाव आतून दिसावं तसं उलटं.

कुणाला कुठली सोय द्यायची? बी हवेत आहे, म्हणून बिलबोर्ड. बी डॅश भिंतीवर, स्मॉल बी जमिनीवर, दोघं चिकटलेले. अल्फा हा भिंतीवरच्या ए डॅश बी डॅशचा एक्सवायशी कोन, म्हणून तोही भिंतीवर. आणि थीटा? तो खुद्द एबी आणि तिचा जमिनीवरचा टॉप व्ह्यू यांच्यामधला. तो हवेतच उभा!

टॉप व्ह्यू ५ सेंमी, उंची ५ सेंमी, म्हणून थीटा ४५ अंश. अल्फा मात्र सुमारे ५९. ज्युनिअरने माऊसने मॉडेल फिरवून भिंतीसमोर आणलं. एबी बरोबर ए डॅश बी डॅशवर जाऊन बसली. तो ओरडलाच, "म्हणजे अल्फा नेहमी मोठाच येणार!" मोठा किंवा, रेघ व्हीपीला समांतर असेल तर, थीटाएवढाच. पण मुद्दा त्याला सापडला होता. केटी निघाली.

मित्रांनो, नावं आपण शेवटी घाईघाईत, मार्कांपुरती टाकतो. पण बी डॅशवरचा तो एवढासा डॅश बिंदूचा पत्ता सांगतो. पुढच्या शीटला आधी एवढंच विचारा : हे नाव हवेतलं, भिंतीवरचं की जमिनीवरचं? कंपास नंतर उचलला तरी चालेल.