खुर्ची नेमकी कधी सुटते?

"तुझं नेमकं कधी ठरलं रे?"

एवढाच प्रश्न होता. जिन्याच्या वळणावर, दोन तासांच्या मधल्या गर्दीत, वर्गातल्या एका मैत्रिणीनं तो विचारला आणि उत्तराची वाट न पाहता ती वर निघून गेली. आवाज चढलेला नव्हता. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. हा प्रश्न मात्र माझ्या मागं लागला तो लागलाच.

हकीकत तशी साधी आहे. वर्षाच्या सुरुवातीला सरांनी मला वाङ्मय मंडळाचा चिटणीस नेमलं. मतदान नाही, अर्ज नाही. वर्गात उभं केलं आणि "आजपासून हा चिटणीस" म्हणून सांगितलं. काम फारसं नव्हतं. फळ्यावर सुविचार लिहायचा, पाहुण्यांसाठी हार आणि नारळ आणायचा, सभेचं इतिवृत्त लिहायचं. पण एक काम वजनदार होतं. बाहेरच्या वादविवाद स्पर्धेला कॉलेजतर्फे कोणी जायचं, त्या दोन नावांची शिफारस मी करायची. सर सही करत. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, म्हणून ते कागद फारसा वाचतही नसत.

त्या वेळी चार जण इच्छुक होते. मी दोघांची नावं लिहिली. ही मैत्रीण तिसरी. चांगलं बोलायची, पण दोनच जागा होत्या. पुढे तीन आठवड्यांनी गॅदरिंगच्या समितीचा प्रमुख निवडायची वेळ आली. वर्गावर्गांतल्या प्रतिनिधींनी हात वर करून निवडायचं आणि उमेदवाराकडे दुसरं कुठलंही पद असता कामा नये, असा नियम. मी चिटणीसपदाचा राजीनामा दिला. वर्ष संपायला अजून तीन महिने होते. सरांनी राजीनामा वाचला, "बरं" म्हणाले आणि टेबलाच्या खणात ठेवला. मी उभा राहिलो. माझ्या नावाचा सूचक कोण होता? स्पर्धेला पाठवलेल्या दोघांपैकी एक. त्याचा वर्ग माझ्यामागं उभा राहिला आणि मी चार मतांनी निवडून आलो.

नियमाचं मी काहीही मोडलं नव्हतं. आणि तरीही जिन्याच्या वळणावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

त्या दिवसांत राज्यशास्त्राच्या ट्यूटोरियलसाठी राष्ट्रपतींच्या निवडणुकांची टिपणं काढत होतो. काढता काढता १९६७ सालाशी अडखळलो, कारण त्या सालच्या दोन प्रमुख उमेदवारांपैकी एक, अगदी महिन्याभरापूर्वीपर्यंत, भारताचा सरन्यायाधीश होता.

न्यायमूर्ती कोका सुब्बाराव हे मूळचे आंध्रातल्या राजमहेंद्रीचे. ३० जून १९६६ रोजी ते सरन्यायाधीश झाले. त्यांचं नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतं ते गोलकनाथ खटल्यामुळे. पंजाबातल्या एका कुटुंबाची जमीन कमाल धारणेच्या कायद्यात गेली, आणि त्यातून प्रश्न निघाला तो थेट राज्यघटनेच्या मुळाशी जाणारा: संसदेला घटनादुरुस्ती करून नागरिकांचे मूलभूत हक्क कमी करता येतील का? अकरा न्यायाधीश बसले. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमतानं निकाल लागला, की नाही येणार. मुख्य निकालपत्र सुब्बाराव यांचं. सरकारला हा निकाल झोंबला. विरोधी बाकांवरच्या अनेकांना तो आधार वाटला.

दिवसही तसेच होते. त्याच महिन्यात सार्वत्रिक निवडणुका झाल्या होत्या. दिल्लीत काँग्रेसचं बहुमत घटलं होतं आणि बऱ्याच राज्यांत ते गेलंच होतं. राष्ट्रपती राधाकृष्णन यांची मुदत मे महिन्यात संपत होती. काँग्रेसनं उपराष्ट्रपती झाकिर हुसेन यांना उभं केलं. विरोधी पक्षांना त्यांच्या तोलामोलाचा माणूस हवा होता. ११ एप्रिल १९६७ रोजी सुब्बाराव यांनी सरन्यायाधीशपदाचा राजीनामा दिला आणि ते विरोधी पक्षांचे उमेदवार झाले. निकालपत्र आणि राजीनामा यांत अंतर त्रेचाळीस दिवसांचं.

६ मे रोजी मतदान झालं. झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४ आणि सुब्बाराव यांना ३,६३,९७१ मतमूल्य मिळालं. सुब्बाराव हरले, पण ही हार काही लाजिरवाणी नव्हती.

हे वाचून मी पहिल्यांदा त्यांची बाजू घेतली, हे कबूल करतो. त्यांची बाजू घेण्यात माझाही फायदा होता ना! आणि बाजू खरोखरच लंगडी नाही. न्यायाधीश हाही नागरिकच. जुलैत त्यांना पासष्ट पूर्ण होणार होती आणि ते निवृत्त होणारच होते. म्हणजे त्यांनी सोडली ती तीन महिन्यांची खुर्ची. तीन महिने थांबावं म्हटलं, तर निवडणूक त्यांच्यासाठी थांबणार नव्हती. शिवाय राज्यघटनेच्या ५८ व्या कलमानुसार लाभाचं पद असलेल्याला राष्ट्रपतिपदासाठी उभंच राहता येत नाही. तेव्हा राजीनामा देणं हा तर नियमाचा मान राखणंच झालं. आणि ज्या निवडणुकीत एकच बलाढ्य उमेदवार असतो तिच्यात चुरस आणणं, हेही लोकशाहीचंच काम नव्हे काय?

मग मी उलट बाजूनं विचार करू लागलो. झाकिर हुसेनही पदावर असतानाच उभे राहिले. त्यांच्याबद्दल हा प्रश्न का उठत नाही? याचं उत्तर त्याच कलमात सापडलं. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री यांची पदं तिथं लाभाची पदं मानलेली नाहीत. म्हणजे त्यांना राजीनामा न देताही उभं राहता येतं. २०१७ साली रामनाथ कोविंद यांनी उमेदवारी मिळाल्यावर बिहारचं राज्यपालपद सोडलं, पण या कलमानं त्यांच्यावर तशी सक्ती नव्हती. राजकारणातला माणूस राजकारणातल्या एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जातो; त्यानं काल दिलेल्या भाषणाकडे आज कोणी संशयानं पाहत नाही, कारण कालही तो एका बाजूचाच होता. न्यायाधीशाचं तसं नसतं. त्याला कोणतीच बाजू नाही, यावर तर त्याच्या शब्दाची सारी किंमत.

म्हणूनच घटनाकारांनी काही खुर्च्यांना पुढचा दरवाजाच ठेवला नाही. देशाचा महालेखापरीक्षक एकदा पायउतार झाला की केंद्राच्या वा राज्याच्या सरकारात दुसरं पद घेऊ शकत नाही. ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्याकडूनच उद्या नोकरीची आशा असेल, तर बेरीज चुकण्याचा संभव असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला निवृत्तीनंतर देशातल्या कोणत्याही न्यायालयात वकिली करता येत नाही. पण निवडणूक लढवू नये, असं मात्र घटनेत कुठं लिहिलेलं नाही. तिथं बहुधा त्यांनी माणसावर विश्वास टाकला. आमचे सर न वाचता सही करत, तसाच.

त्या विश्वासाची परीक्षा पुढेही होत राहिली. न्यायमूर्ती बहरुल इस्लाम यांनी निवृत्तीला दीड महिना उरला असताना, जानेवारी १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालय सोडलं, ते आसामातून काँग्रेसतर्फे लोकसभा लढवण्यासाठी. त्याच वर्षी ते राज्यसभेत गेले. मार्च २०२४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभिजित गंगोपाध्याय यांनी मुदतीआधी काही महिने राजीनामा दिला, दोनच दिवसांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला आणि जूनमध्ये ते लोकसभेवर निवडून आले. पक्ष वेगळे, काळ वेगळा, प्रश्न तोच. नेमकं कधी ठरलं?

माझ्या मैत्रिणीनं विचारलेला प्रश्न किती अचूक होता, हे मला इथं उमगलं. राजीनाम्यावर तारीख असते. मनावर तारीख नसते. सुब्बाराव यांच्या राजीनाम्यावर ११ एप्रिल ही तारीख आहे. पण कोणीही माणूस सकाळी उठून सरन्यायाधीशपद सोडत नाही आणि संध्याकाळी उमेदवार होत नाही. त्याआधी कोणी येऊन भेटलेलं असणार, काही बोलणं झालेलं असणार, काही रात्री विचारात गेलेल्या असणार. त्या दिवसांत कोर्टात आलेला पक्षकार कोणासमोर उभा होता? सरन्यायाधीशासमोर की होऊ घातलेल्या उमेदवारासमोर?

गोलकनाथचा निकाल त्यांनी उमेदवारीकडे डोळा ठेवून दिला, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला काही आधार नाही. मूलभूत हक्कांविषयीची त्यांची मतं त्यांच्या आधीच्या निकालपत्रांतही दिसतात. शिवाय त्या सहांमध्ये आणखी पाच जण होते आणि ते काही त्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की त्यांच्या राजीनाम्यानं एक नसलेला प्रश्न उभा केला. सावली पुढं पडली असती तर चाललं असतं. ती मागं पडली. जे निकाल स्वच्छ होते त्यांच्यावरही पडली. माणूस पुढच्या खुर्चीकडे निघून जातो आणि मागच्या खुर्चीत बसून केलेलं चांगलं कामही संशयाच्या स्वाधीन करून जातो. नुकसान त्याचं एकट्याचं होत नाही. त्या खुर्चीत उद्या बसणाऱ्याचंही होतं आणि ज्यांनी तिच्यासमोर मान तुकवून निकाल मान्य केला, त्यांचं तर होतंच.

त्या सहांतच एक होते न्यायमूर्ती हिदायतुल्ला. आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले. त्यांची गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. १९६९ च्या मे महिन्यात झाकिर हुसेन यांचं निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. पण स्वतः निवडणूक लढवण्यासाठी २० जुलैला त्यांनीही पद सोडलं. राष्ट्रपती नाही, उपराष्ट्रपतीही नाही, असा पेच पडला. तेव्हा सरन्यायाधीश असलेले हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात गेले. २४ ऑगस्टपर्यंत त्यांनी देशातल्या सर्वांत उंच खुर्चीत बसून काम पाहिलं आणि नवे राष्ट्रपती येताच ते मुकाट्यानं आपल्या कोर्टात परत गेले. १९७० च्या डिसेंबरात निवृत्त झाले. उपराष्ट्रपती झाले ते १९७९ साली, आणि तेही बिनविरोध. मध्ये जवळजवळ नऊ वर्षं गेली होती. नऊ वर्षांत सावली विरून जाते.

खुर्ची मुदतीआधी सोडणं वाईटच, असंही नव्हे. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं, त्याचा अभिमान आपण अजून बाळगतो. तिथं मागची खुर्ची सोडली होती, पण पुढची मांडलेली नव्हती. राष्ट्रपतिपदासाठी तेही उभे राहिले, पण तेरा वर्षांनी. आणि तिसरे आले. सोडणं तेच, राजीनामा तसाच. पण त्यांना कोणी "कधी ठरलं" असं विचारलं नाही, कारण काय ठरलं आणि का ठरलं, हे सगळ्यांना दिसत होतं.

आता माझ्या खुर्चीविषयी. ती किती लहान होती, हे मला कळतं. सरन्यायाधीशांच्या शेजारी वाङ्मय मंडळाचा चिटणीस बसवायचा म्हणजे ऐरावतापुढं शामभटाची तट्टाणी. पण वगळलेल्या माणसाचं दुःख खुर्चीच्या उंचीवर मोजायचं नसतं.

मी मागं जाऊन आठवून पाहिलं. दोन नावं लिहिली ती संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. ग्रंथालय बंद व्हायला आलं होतं. पहिलं नाव निर्विवाद होतं. दुसऱ्या नावाशी पेन थांबलं. एकीकडे ती होती, दुसरीकडे तो. तिच्या बोलण्यात मुद्दा होता, त्याच्या आवाजात भरणा होता. दोघांत निवडणं कठीणच होतं. कोणालाही कठीण गेलं असतं. पण गॅदरिंगला उभं राहावं, असं आदल्याच आठवड्यात कँटीनमध्ये मित्रांनी सुचवलं होतं. मी हसून उडवून लावलं होतं. ते खरोखर उडून गेलं होतं का? त्याचं नाव लिहिताना त्याच्या वर्गातली मतं मला आठवली होती का?

प्रामाणिकपणे सांगायचं तर मला माहीत नाही. आणि माझं मलाच माहीत नाही, हीच माझी चूक. ज्या दिवशी कँटीनमध्ये तो विषय निघाला, त्याच दिवशी मी सरांकडे जाऊन म्हणायला हवं होतं, की ही नावं आता दुसऱ्या कोणीतरी सुचवावीत. राजीनामा मी दिला, पण तीन आठवडे उशिरा दिला. नियमानं मागितला तेव्हा दिला. मनानं मागितला तेव्हा नाही.

गॅदरिंग संपल्यावर मी तिला गाठलं आणि हे सगळं जवळजवळ याच शब्दांत सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी बोलण्यात कमी पडले होते की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही."

यावर मी काय बोलणार होतो? तासाची घंटा झाली आणि आम्ही दोघंही वर्गाकडे निघालो.