पुराव्याचा भार

शासन जेव्हा काटकसरीचे धोरण स्वीकारते, म्हणजे महसूल आणि खर्च यांतील तफावत कमी करण्यासाठी लोककल्याणाच्या व सार्वजनिक सेवांच्या तरतुदींना कात्री लावते, तेव्हा उसळणारा लोकक्षोभ हा टंचाईविरुद्धचा क्षोभ आहे असे सामान्यतः मानले जाते. या समजुतीनुसार लोकांना आधी मिळत होते ते आता मिळेनासे होते, म्हणून ते चिडतात. त्यांना तिजोरीची स्थिती नीट समजावून सांगितली, तर त्यांचा राग ओसरेल. परंतु टंचाई सोसण्याची समाजाची ताकद फार मोठी असते, आणि पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या महाराष्ट्राच्या पठारावरील समाजाला तर तिची पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. ज्या समाजाने आभाळाचा कोप मुकाट्याने सोसला, तोच समाज सरकारी आदेशातील एखाद्या बारीकशा बदलाने पेटून उठतो, तेव्हा त्या रागाचे मूळ टंचाईच्या पलीकडे शोधावे लागते. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात दुष्काळी कामांवरील मजुरांनी जे केले, त्याकडे या दृष्टीने पाहिले असता हे मूळ बरेचसे स्पष्ट होते.

१८७६ चा पाऊस दख्खनमध्ये जवळजवळ पूर्णपणे चुकला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांत खरीप बुडाले, रब्बीची पेरणीच झाली नाही, आणि जनावरे मातीमोल भावाने विकली जाऊ लागली. हाच प्रदेश अवघ्या दीड वर्षापूर्वी, मे १८७५ मध्ये, सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांनी हादरला होता. त्या वेळी शेतकऱ्यांचा रोष सावकारांवर होता आणि कर्जाची खतपत्रे हिसकावून जाळणे हे त्याचे मुख्य रूप होते. दुष्काळात मात्र रयतेची गाठ थेट सरकारशी पडली. मुंबई सरकारने रस्ते, तलाव, कालवे यांची कामे काढली आणि हजारो कुटुंबे तेथे खडी फोडण्यासाठी व माती वाहण्यासाठी गोळा झाली. अशा कामांना दुष्काळी कामे म्हणत. त्यांचा हेतू बांधकामापेक्षा मजुरीच्या रूपाने लोकांच्या पोटात अन्न जावे हा असे.

याच सुमारास लॉर्ड लिटन या व्हाइसरॉयने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळाच्या पाहणीसाठी विशेष प्रतिनिधी म्हणून मद्रास व मुंबई इलाख्यांत पाठविले. टेंपल यांची पार्श्वभूमी येथे महत्त्वाची आहे. १८७३-७४ च्या बिहारमधील दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून मोठ्या प्रमाणावर तांदूळ आणवून भूकबळी जवळजवळ होऊ दिले नव्हते, आणि त्याबद्दल कौतुकाऐवजी उधळपट्टीचा ठपका त्यांच्या वाट्याला आला होता. माणसे वाचली यावरून माणसे मरणारच नव्हती असा निष्कर्ष काढणे टीकाकारांना सोपे गेले, कारण टळलेल्या मृत्यूची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही, झालेला खर्च मात्र रुपये-आणे-पैशांत लिहिलेला असतो. दख्खनमध्ये उतरलेले टेंपल हा धडा घेऊनच उतरले होते. दुसरीकडे, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यासाठी १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत भव्य दरबार भरला होता. तेव्हा काटकसर कोणत्या खात्यात करायची आणि कोणत्या खात्यात करायची नाही, याची निवड शासनाने केलेलीच होती.

नव्या धोरणाची दोन अंगे होती. पहिले मजुरीचे: प्रौढ पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा इतकी खाली आणली गेली; स्त्रिया व मुले यांना त्याहून कमी. दिवसभर दगड फोडणाऱ्या देहाला एवढे धान्य पुरत नाही, असे मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हिरिरीने मांडले आणि पुढे काही महिन्यांनी तेथील प्रमाण वाढवावेही लागले. दुसरे अंग अंतराचे: गावालगतची छोटी कामे बंद करून मजुरांनी दूरच्या मोठ्या कामांवर, घरदार सोडून तळावर राहण्याच्या अटीवर जावे, असे ठरविण्यात आले. प्रशासनाच्या भाषेत ही अंतराची कसोटी होती. जो खरोखर उपाशी आहे तो कितीही लांब येईल, आणि जो येणार नाही तो खरा गरजू नाही, असे तिच्यामागील तर्कशास्त्र होते. या तर्काचे मूळ इंग्लंडच्या १८३४ च्या दरिद्री कायद्यात आहे. सरकारी मदतीवर जगणाऱ्याची स्थिती स्वकष्टाने जगणाऱ्या सर्वांत हलक्या मजुराच्या स्थितीहूनही कनिष्ठ असावी, म्हणजे नाइलाज झाल्याशिवाय कोणी मदत मागणार नाही, हे त्या कायद्याचे मूलतत्त्व होते.

या आदेशांना दख्खनच्या मजुरांनी दिलेले उत्तर अनपेक्षित होते: ते मोठ्या संख्येने कामे सोडून निघून गेले. दूरच्या तळांवर जाण्यास त्यांनी नकार दिला आणि कमी मजुरीवर काम करण्यापेक्षा घरी परतणे पत्करले. उपाशी माणसाने अन्नाचा एकमेव मार्ग स्वतःहून नाकारावा, हे वरवर पाहता अनाकलनीय वाटते. मात्र त्यांच्या बाजूने हिशेब मांडला, तर त्यातील विवेक दिसू लागतो. लांबच्या कामावर जायचे म्हणजे उरलीसुरली जनावरे, घर, म्हातारी माणसे आणि पुढच्या पेरणीची आशा सोडून जायचे. आणि एवढे करून मिळणारी मजुरी श्रमांची झीजही भरून काढणार नसेल, तर कामावर राहून आणि घरी राहून होणारी उपासमार यांत फारसे अंतर उरत नाही. जे थोडे अंतर उरते, त्यासाठी माणसाने आपल्या भुकेची परीक्षा रोज देत राहावी की नाही, हा प्रश्न होता, आणि मजुरांनी त्याचे उत्तर नकारात दिले.

या नकारातील राग त्या धोरणाच्या रचनेमुळेच सरकारपर्यंत पोहोचू शकत नव्हता. अंतराची कसोटी गृहीत धरली की कामावरून निघून जाणारा प्रत्येक मजूर आपण गरजू नव्हतो असा कबुलीजबाबच देऊन जातो. हजेरीपटावरची संख्या घटली, खर्च घटला, आणि ही घट धोरणाच्या यशाचे प्रमाण म्हणून वाचता आली. निषेध म्हणून रिकामी केलेली जागा आणि गरज संपली म्हणून रिकामी झालेली जागा, या दोहोंची नोंद हजेरीपटावर एकाच पद्धतीने होते. काटकसरीच्या धोरणाचा खरा दोष येथे आहे. ते आपल्याच परिणामांना आपल्या समर्थनार्थ साक्षीला उभे करते, कारण मदत मिळविणे अवघड केल्यावर मदत मागणारे कमी होतात आणि मागणारे कमी झाले म्हणून मदत अनावश्यक होती असे सिद्ध होते.

हे चक्र भेदायचे तर मजुरांच्या मुक्या नकाराला सरकारी दफ्तराच्या भाषेत आणणे आवश्यक होते, आणि ते काम पुणे सार्वजनिक सभेने केले. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे प्रमुख कार्यकर्ते होते, आणि महादेव गोविंद रानडे यांचे मार्गदर्शन तिला लाभले होते. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली, दुष्काळाचे वृत्तान्त प्रसिद्ध केले, सरकारला अर्ज पाठविले, आणि तुरुंगातील कैद्याला मिळणारा शिधा दुष्काळी मजुराच्या शिध्यापेक्षा अधिक आहे ही तुलना समोर ठेवली. या तुलनेचे सामर्थ्य तिच्या भावनेत नसून तिच्या हिशेबात होते. कैद्याचा शिधा सरकारनेच ठरविलेला असल्याने माणसाला जगायला किती लागते याविषयीचे सरकारचे एक मत आधीच लेखी होते, आणि नवा आदेश त्याच मताशी विसंगत ठरत होता. अर्थात सभा ही मुख्यत्वे शहरी, सुशिक्षित, उच्चवर्णीयांची संस्था होती. तिच्या परिघाबाहेर, सत्यशोधक समाजाच्या वतीने महात्मा जोतीराव फुले यांनी धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांच्या अन्नाची सोय केली, आणि पुढे १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी रयतेकडून वसूल होणारा पैसा गोऱ्या आणि काळ्या अधिकाऱ्यांच्या पगारांत व पेन्शनांत कसा जातो, याचा रोखठोक जाब विचारला. शासनाने गरिबाकडे खर्चाचा हिशेब मागावा, पण गरिबाने शासनाकडे तो मागू नये, या एकतर्फी व्यवस्थेवर फुल्यांचे बोट होते.

१८७६ ते १८७८ या काळात दक्षिण व पश्चिम हिंदुस्थानातील ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून अधिक माणसे मेली, असा अंदाज सरकारने पुढे नेमलेल्या दुष्काळ आयोगानेच दिला. या आयोगाच्या शिफारशींतून १८८० च्या दशकात दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळात प्रशासनाने काय करावे याची नियमावली, तयार झाली. ती निःसंशय प्रगती होती. तरीही चाचणीदाखल कामे काढावीत आणि लोक येतात का यावरून दुष्काळ ओळखावा, हे तत्त्व तिच्यात टिकून राहिले. राज्य जबाबदारी मान्य करू लागले होते, पण पुराव्याचा भार अजून भुकेल्या माणसाच्याच खांद्यावर होता.

तो भार दुसऱ्या खांद्यावर जायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मे १९७३ च्या सुमारास जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. सुकडी आणि मिलो ही दुष्काळात मिळणाऱ्या अन्नाची नावे त्या पिढीच्या तोंडी कायमची बसली. या काळात मजुरांचे मोर्चे आणि घेराव कामाच्या व मजुरीच्या मागणीसाठी निघत होते, आणि वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच वातावरणात आकाराला आली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला ठरावीक मुदतीत काम द्यावे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावा, आणि यासाठीचा पैसा मुख्यतः शहरी नोकरदार व व्यावसायिकांवरील व्यवसाय करातून उभा राहावा, अशी त्याची रचना होती. पुढे केंद्राने २००५ मध्ये केलेल्या कायद्यात काम शक्यतो गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यावे आणि त्यापलीकडे दिल्यास दहा टक्के अधिक मजुरी द्यावी, अशी तरतूद आली. १८७७ मध्ये अंतर ही मजुराची परीक्षा होती. येथे अंतराची भरपाई सरकारने करायची होती. बेकारभत्त्याची तरतूदही याच दिशेची आहे, कारण तिच्यामुळे ‘तू गरजू आहेस हे सिद्ध कर’ या आज्ञेची जागा ‘काम का दिले नाही हे सांगा’ या प्रश्नाने घेतली.

या विवेचनावर एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. सार्वजनिक पैसा अमर्याद नसतो, आणि कोणतीही तपासणी नसेल तर तो खऱ्या गरजूपर्यंत पोहोचत नाही. रोजगार हमीच्या हजेरीपटांवर खोटी नावे चढविल्याची प्रकरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. पण ही नावे बहुधा भुकेल्या माणसाने चढविलेली नसतात. ती हजेरीपट ज्यांच्या हाती असतो, त्यांनी चढविलेली असतात. म्हणून तपासणी हवी हे मान्य करूनही ती कोणाची हवी, हा प्रश्न शिल्लक राहतोच. हजेरीपट गावासमोर वाचून दाखविणे, म्हणजे सामाजिक अंकेक्षण, हीही तपासणीच आहे. फरक एवढाच की तिच्यात संशयाची दिशा कार्यालयाकडे असते.

१८३४ च्या तत्त्वाचा वारसा त्याच्या जन्मभूमीतही संपला नव्हता. २०१० नंतर ब्रिटनच्या सरकारने खर्चकपातीचे धोरण स्वीकारले, तेव्हा आजारी व अपंग व्यक्तींच्या भत्त्यासाठी काम करण्याच्या क्षमतेची तपासणी जुन्या लाभार्थ्यांनाही लागू झाली, आणि २०१३ पासून सामाजिक घरांतील भाडेकरूंकडे एक खोली जास्त असल्यास घरभाडे साहाय्यात १४ टक्के कपात होऊ लागली. क्षमतेच्या तपासणीतील अनेक निर्णय अपिलात उलटले. तेथील निदर्शनांत रकमेच्या तक्रारीइतकीच अविश्वासाची तक्रार तीव्र होती: आयुष्यभर कर भरलेल्या माणसाला आपले आजारपण अनोळखी तपासनिसासमोर सिद्ध करावे लागत होते. भारतातील निवृत्तिवेतनधारकाला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेव्हा ती व्यवस्था सहसा कोणाला खटकत नाही; परंतु बोटाचे ठसे न जुळल्यामुळे जिवंत माणसाचे वेतन किंवा शिधा थांबतो, त्या क्षणी तीच औपचारिकता अपमान बनते, कारण यंत्राची चूक निस्तरण्याचे ओझे पुन्हा त्याच माणसावर पडते.

कपातीविरुद्धचा लोकक्षोभ म्हणूनच बहुतेक वेळा पुराव्याची जबाबदारी कोणाची, याविषयीचा वाद असतो. असा क्षोभ कपातीच्या रकमेच्या प्रमाणात वाढत नाही, आणि तिजोरीची आकडेवारी समजावून सांगितल्याने शमतही नाही. खर्च वाचविण्याच्या शासनाच्या हक्काशी त्याचे फारसे भांडण नसते, पण तो खर्च वाचविण्यासाठी नागरिकाला आधी संशयित ठरविले जाते, हे त्याला मान्य नसते. दख्खनच्या मजुरांनी कामे सोडली तेव्हा हा वाद त्यांनी जिंकला नाही, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी त्याची किंमत प्राणाने मोजली. त्यांचा नकार निष्फळ ठरला तो रागाच्या अभावी नव्हे. तो नोंदविण्याची जागा सरकारी दफ्तरात नव्हती म्हणून. रोजगार हमीच्या कायद्याने ती जागा निर्माण केली. यापुढे एखादी योजना आवरती घेतली जाईल किंवा तिच्या अटी वाढविल्या जातील, तेव्हा किती कोटी वाचले या आकड्याबरोबरच आणखी एक आकडा मागणे योग्य ठरेल: लाभार्थ्यांच्या यादीतून जे गेले, त्यांपैकी किती जणांची गरज खरोखर संपली आणि किती जण केवळ ती सिद्ध करता करता थकले. हा दुसरा आकडा गोळा करण्याची जबाबदारी जोपर्यंत शासन स्वतःवर घेत नाही, तोपर्यंत त्याच्या काटकसरीचा हिशेब अपुरा आहे, आणि त्या हिशेबावरील लोकांचा राग सयुक्तिक आहे.