आभाराचें कार्ड

गतवर्षीं पेणहून रोह्यास आगगाडीनें जातांना माझा एक जुना विद्यार्थी शेजारीं बसला होता. त्याच्या संगणकाच्या पडद्यावर, कामाच्या आरंभींच, युगांडांतील गरीब मुलांना साहाय्य करा, अशी विनंति मला दिसली. मीं कुतूहलानें विचारतां तो म्हणाला, "सर, हा 'व्हिम' नांवाचा लेखनाचा प्रोग्रॅम. हॉलंडच्या ब्राम मोलेनार यांनीं १९९१ सालीं तो जगास फुकट दिला. मोबदला म्हणून एवढेंच मागितलें."

"असे आणखी कोणी आहेत काय?"

"आहेत कीं! अमेरिकेच्या ॲरन जाईल्स यांनीं चित्रें पाहण्याच्या आपल्या प्रोग्रॅमबद्दल केवळ एक पोस्टकार्ड मागितलें. डेन्मार्कचे पॉल-हेनिंग काम्प म्हणतात, कधीं भेट झाली आणि काम आवडलें असेल, तर मला बिअर पाजा!" गुरुजींसमोर हें सांगतांना तो किंचित् लाजला.

मीं म्हटलें, "आमच्याकडून त्यांस कोकम सरबत!" दोघेही हंसलों.

मग मीं विचारलें, "तूं मोलेनारांस काय पाठविलेंस?" त्यानें मान खालीं घातली. "सर, दहा वर्षें 'पाठवूं, पाठवूं' म्हणतच राहिलों. २०२३ च्या ऑगस्टांत ते वारले."

नागोठणें येईपर्यंत कोणीच बोललें नाहीं. त्याला मीं काय बोलणार? ज्या बाईंनीं मला अक्षर गिरवावयास शिकविलें, त्यांस मीं तरी कोठें कधीं पत्र लिहिलें होतें?

रोह्यास उतरतांच पोस्टांतून एक कार्ड घेतलें व तेथेंच उभ्या उभ्या लिहून पेटींत टाकलें. मुलांनो, आभार मानावयाचे तर ते घेणारा आहे तोंवर माना.

आठ दिवसांनीं कांपऱ्या अक्षरांत बाईंचें उत्तर आलें : "कार्ड पोंचलें. उशीखालीं ठेविलें आहे. 'ळ' मात्र अजून वांकडाच काढतोस."