हक्कसोडपत्र, एका अटीवर

चौबे कॉलनी, रायपूर
24 जुलै 2025

ती. दादास,


हक्कसोडपत्राचा मसुदा मिळाला. सही करायला मी तयार आहे. बाबांच्या शेतातला तुकडा घेऊन इथे बसून मी काय पेरणार? पण आधी सातबाऱ्यावर तुझ्या बरोबरीने वहिनीचं नाव चढव. रागावू नकोस, पुढचं वाच.

आज तिकडे दिव्याची अवस, इकडे हरेली. सकाळी अभनपूरच्या बाजूला जाऊन आले. नांगर, कुदळ, विळे धुऊन अंगणात मांडलेले, त्यांना गुळाचा चिला वाहिलेला. कालपर्यंत चिखलात वाकलेल्या बाया आज तेवढ्या सुट्टीवर, म्हणजे चुलीपुढे.

इथे पुष्कळ ठिकाणी अजून धान फेकून पेरतात आणि महिनाभराने, बांधीत पाणी साचलं की, उभ्या पिकातच नांगर फिरवतात. त्याला बियासी म्हणतात. नांगरामागे पुरुष. तो पुढे गेला की उखडलेली रोपं गोळा करून विरळ जागी एकेक खोचत जायचं, ती चलाई, ती बायांची. मग निंदाई, कापणी, बियाण्यासाठी लोंब्या निवडणं. नांगराला तेवढा बाईने हात लावायचा नाही, आणि शेतकरी कोण ते नेमकं नांगरावरून ठरतं. शेजारी झारखंडात, गुमला जिल्ह्यात, 2022 साली एका तरुणीने ट्रॅक्टरने शेत नांगरलं तर अपशकुन झाला म्हणून गावाने बैठक बसवली. ट्रॅक्टरला बाई चालत नाही, चिखलाला चालते!

खरी गंमत नोव्हेंबरात, सोसायटीत धानखरेदी सुरू झाली की. एकरी 21 क्विंटलपर्यंत घेतात, भाव 3100 रुपये. एकराला 65 हजारांच्या वर झाले. नोंदणी जमिनीच्या कागदावर, टोकन त्याच नावाने, पैसे त्याच्याच खात्यात. चलाई कुणी केली हे कुठल्याच रकान्यात नसतं. 2015-16 च्या कृषिगणनेत देशभरच्या खातेदारांत बायका शेकडा 14 सुद्धा भरल्या नाहीत. शेतात जाऊन मोजलं असतं तर आकडा उलटा आला असता, असं माझं मत.

गेल्या आठवड्यात, 17 जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्याच एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात निकाल दिला: बाई आहे म्हणून वारसाहक्क नाकारता येणार नाही. खालच्या सगळ्या कोर्टांत हरून ते लोक दिल्लीपर्यंत गेले होते. आपल्याकडे महाराष्ट्रात लेकींना 1994 पासून वाटा आहे, 2005 पासून देशभर. म्हणून तर तुझा वकील माझी सही मागतो. वहिनीची सही कुणीच मागत नाही, कारण तू आहेस तोवर त्या शेतात तिचं काहीच नाही. गेल्या साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी पहिल्यांदा कुणी पाहिली? वहिनीने. अन् ती औषध आणायला गेली तर दुकानदार म्हणाला, भाऊंना पाठवा.

तुला हे मी सांगावं? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा बिल्ला छातीवर लावून फिरायचास. 1986 मध्ये चांदवडच्या महिला अधिवेशनाला आईला आणि काकूला ट्रकमध्ये बसवून तूच घेऊन गेलास. पुढे जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, गावोगावच्या नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या, तेव्हा तू म्हणालास, पोरं मोठी होऊ दे. पोरं पुण्यात नोकरीला लागली, दादा. सरकारचं 1992 चं परिपत्रकही आहे: नवऱ्याने अर्ज दिला की सहहिस्सेदार म्हणून बायकोचं नाव लागतं. तलाठ्याला विचार.

बीजमाता राहीबाई पोपेरेंना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचा फोटो तूच मला पाठवला होतास, कौतुकाने. पद्मश्रीला सातबारा लागत नाही रे. पीककर्जाला लागतो.

तू म्हणशील, तुमच्याकडे काय दिवे लावलेत? आमचं घर दोघांच्या नावावर आहे, कागद बघायचा तर ये.

फेरफार मंजूर झाला की नव्या सातबाऱ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाक. मी मुंबई मेलचं तिकीट काढते, निबंधकाकडे जाऊन त्याच दिवशी सही करते. आणि हे पत्र वहिनीला वाचायला दे. तू नाही दिलंस तर मी फोनवर वाचून दाखवीन.

तुझी,
धाकटी